कागदाला किती जन्म?



श्रुतपंचमीला आपण मंदिरातली आणि घरातली शास्त्रं बाहेर काढतो, धूळ झटकतो, ऊन दाखवतो, जुनी वेष्टनं बदलून नवी बांधतो. हे काम करताना दरवर्षी एक गोष्ट हाताला जाणवते. दोनशे वर्षांची हस्तलिखित पोथी उलगडली तर पान नुसतं मऊ लागतं, वाकवलं तर वाकतं. शेजारीच १९७०-७५ साली छापलेलं पूजेचं पुस्तक असतं. त्याचं पान उलटलं की कोपरा तुटून हातात येतो आणि मांडीवर पिवळा भुगा पडतो. वयाने नात शोभेल असं हे पुस्तक आजीच्या आधी म्हातारं झालेलं असतं.

यंदा त्यावरून चर्चा निघाली. असल्या फाटक्या पुस्तकांचं करायचं काय? एकीचं म्हणणं, नदीत विसर्जन करावं. दुसरी म्हणाली, "रद्दीत द्या की! त्याचा पुन्हा कागदच होतो, कितीही वेळा होतो, झाडंही वाचतात." हे "कितीही वेळा" माझ्या मनात अडकून बसलं. मी बी.कॉम. झालेली बाई, कशाचाही हिशोब लागल्याशिवाय झोप येत नाही. कागदाला जन्म किती, याचा हिशोब शोधत गेले आणि शोधता शोधता जुन्नर, मिरज, फलटण अशी आपल्याच मुलखाची फेरी झाली.

आधी कागद म्हणजे काय ते पाहू. कागद हा तंतूंचा थर. झाडाचा, कापसाचा, तागाचा, उसाच्या चोथ्याचा, कुठल्याही वनस्पतीचा तंतू पाण्यात कुटून मऊ केला, त्याचा पातळ लगदा साच्यावर गाळला आणि थर वाळवला की कागद झाला. यात गोंदाची गरज नसते. ओला तंतू फुगलेला आणि लवचिक असतो, शेजारच्या तंतूला लगटून बसतो, आणि पाणी उडून जाताना दोघे एकमेकांना घट्ट धरतात. कागदाची ताकद निम्मी तंतूच्या लांबीत आणि निम्मी या धरण्यात.

रद्दीचा कागद करायचा तर हीच क्रिया उलट करायची. रद्दी पाण्यात भिजवायची, घुसळायची, तंतू सुटे करायचे, शाई धुऊन काढायची आणि पुन्हा थर लावायचा. ऐकायला सोपं आहे. पण इथे एक अडचण येते आणि ती आपल्याला स्वयंपाकघरातूनच कळेल. पर्वतिथीला हिरवी भाजी चालत नाही म्हणून आपण उन्हाळ्यात गवार, भेंडी वाळवून ठेवतो. ती वाळवलेली गवार रात्रभर भिजत घातली तरी ताज्या गवारीसारखी होते का? फुगते, शिजते, चवही येते, पण चिवटपणा राहतो तो राहतोच. तंतूचंही तसंच. पहिल्यांदा वाळताना त्याच्या भिंतीतली बारीक बारीक छिद्रं मिटतात आणि पोकळ नळी चपटी होते. पुन्हा पाण्यात टाकलं तर ती छिद्रं सगळी उघडत नाहीत. तंतू आधीइतका फुगत नाही, ताठ राहतो आणि शेजाऱ्याला आधीइतका घट्ट धरत नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या गेओर्ग यामे या शास्त्रज्ञाने १९४४ साली या प्रकाराला नाव दिलं. त्याचा अर्थ, शिंगासारखं टणक होणं. इंग्रजीत त्याला हॉर्निफिकेशन म्हणतात.

मग गिरणीवाले काय करतात? तंतूला पुन्हा मऊ करायला आणखी कुटतात. कुटल्याने पकड सुधारते, पण तंतू तुटतो, आखूड होतो, त्याची भुकटी पडते. ही भुकटी काही कागदात राहते, बरीच धुण्याच्या पाण्याबरोबर गाळात जाते. वापरलेला साबण पुन्हा पुन्हा धुऊन ठेवावा तसा हा प्रकार. पांढऱ्या छापील कागदाची शाई काढायची असली तर गाळ आणखी वाढतो, कारण शाईबरोबर गुळगुळीतपणासाठी घातलेली चिनीमातीची पूड, खडूची पूड आणि बारीक तंतू सगळंच वाहून जातं. म्हणून वहीच्या कागदाची पुन्हा वही होणं अवघड आणि खोक्याचा पुठ्ठा होणं सोपं. वही, मग वर्तमानपत्र, मग पुठ्ठा, मग अंड्याचे ट्रे, अशी ती उतरण आहे. (अंड्याचं नाव काढल्याबद्दल क्षमा असावी, पण रद्दीचा शेवटचा मुक्काम बहुधा तिथेच असतो.)

आता आकडा. पुस्तकांत आणि जाहिरातींत सगळीकडे एकच वाचायला मिळतं, की कागद पाच ते सात वेळा पुन्हा बनतो, मग तंतू संपतो. मीही तेच धरून चालले होते. पण त्याच डार्मश्टाटमधल्या संशोधकांनी २०१८ साली या पाच-सातला सरळ दंतकथा म्हटलं, आणि काही वर्षांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या प्रयोगांत खोक्याचा पुठ्ठा २५ वेळा पुन्हा बनवूनही त्याची ताकद ढासळली नाही असं दिसलं. मग खरं काय? मला उमगलं ते असं. मोठं नुकसान पहिल्या दोनतीन वाळवण्यांत होतं. त्यानंतर उतरण सौम्य होते. रसायनात शिजवून केलेल्या पांढऱ्या लगद्याचं नुकसान जास्त, लाकूड नुसतं दळून केलेल्या वर्तमानपत्री लगद्याचं कमी, कारण तो पहिल्यापासूनच ताठ असतो, त्याच्याकडे हरवण्यासारखं फारसं नसतं. आणि जाड पुठ्ठ्याला जे चालतं ते शास्त्राच्या पानाला चालत नाही. पान वाकवायचं असतं, हजारदा उलटायचं असतं, शंभर वर्षं टिकवायचं असतं.

आणखी एक गोष्ट आहे आणि इथे माझं कॉमर्स कामाला आलं. कुठल्याही गिरणीत एकाच रद्दीचे फेरे मोजत कोणी बसत नाही. प्रत्येक घाणीत जुनं-नवं मिसळतं. समजा दरवेळी शंभर किलोत सत्तर किलो रद्दीचा लगदा आणि तीस किलो ताजा. तर एकदा तरी फिरून आलेला तंतू ७० टक्के, दोनदा किंवा जास्त वेळा फिरलेला ४९, तीनदा ३४, चारदा २४, पाचदा १७ आणि सातदा किंवा त्याहून जास्त फिरलेला फक्त ८ टक्के. आपल्यातल्या ज्यांनी हिशोबाच्या वह्या लिहिल्या आहेत त्यांनी लगेच ओळखलं असेल, हा घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा! शिल्लक कधी शून्य होत नाही, पण फार जुनं यंत्र वहीत नावापुरतं उरतं. म्हणजे ताजा तंतू थोडा थोडा येत राहिला तर चक्र चालतं. तो बंद झाला की सगळी घाणी म्हातारी होत जाते.

आपल्याकडे ताजा तंतू कमीच. भारतात निम्म्याहून जास्त कागद रद्दीपासून होतो आणि त्यातली पुष्कळ रद्दी परदेशातून जहाजाने येते, कारण तिकडच्या खोक्यांत पाइनसारख्या झाडांचा सुमारे तीन मिलिमीटर लांब तंतू असतो. आपल्या निलगिरीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटर. आपल्या सांगली-सातारच्या उसाच्या चोथ्याचा एक ते दीड. बराचसा चोथा कारखान्यांच्या बॉयलरमध्येच जळतो, काही कागदाला जातो. चोथ्याचा कागद छपाईला छान, गुळगुळीत. पण आखूड तंतूचा कागद रद्दीत गेला की त्याच्या पुढच्या जन्मांची पुंजी मुळातच कमी असते. लांब तंतू म्हणजे मोठी मुद्दल.

आता त्या दोनशे वर्षांच्या पोथीकडे वळू.

दख्खनमध्ये कागदाची दोन मोठी नावं, जुन्नर आणि दौलताबाद. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गावच कागद्यांचं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे हलवली तेव्हा त्याच्याबरोबर कारागीर आले असं तिथे सांगतात. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा आहे, नाव अजून आहे, कागद करणारे राहिले नाहीत. हे सगळे कागदी मुसलमान, आणि आपल्या मंदिरांतल्या पोथ्या, सावकारांच्या वह्या, साताऱ्याच्या छत्रपतींचं नि पेशव्यांचं दफ्तर, सगळं त्यांच्या कागदावर. हे मुद्दाम सांगते कारण जिनवाणीच्या सेवेत कुणाकुणाचे हात लागलेले असतात ते आपल्या लक्षात येत नाही.

हा कागद मुळातच जुन्यापासून होत असे. तागाचे दोर, फाटकी गोणपाटं, जुनी जाळी, चिंध्या. म्हणजे सांगलीच्या हळदपेठेत जे पोतं आपण झाडून कोपऱ्यात टाकतो, तो त्यांचा कच्चा माल. कारागीर ते तुकडे चुन्यात भिजवत, ढेकीने कुटत, नदीवर धूत, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, असं कितीतरी दिवस चाले. मग हौदात लगदा कालवून गवताच्या काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलायचा, भिंतीला लावून वाळवायचा, तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू कसा सरसर चालतो ते जुनी अक्षरं पाहूनच कळतं.

हा कागद टिकला का, त्याची तीन कारणं मला सापडली. एक, दोराचा तंतू लाकडापेक्षा पुष्कळ लांब. दोर, पोतं हे जुनं असलं तरी त्याचा तंतू आधी कागद झालेला नसतो, लगदा होऊन वाळलेला नसतो, म्हणून तो कागदाच्या हिशोबाने कोराच. दोन, चुना. चुन्याचा अंश कागदात राहतो आणि आम्लाला मारतो. तीन, खळ. युरोपात कागदावर शाई फुटू नये म्हणून ताव जनावरांच्या कातडी-खुरांच्या सरसात बुडवत. आपल्याकडे धान्याची खळ. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्यावर शास्त्र उतरवलं तो कागद अहिंसेच्या दृष्टीनेही निभावला. कारागिरांनी काही आपल्यासाठी म्हणून खळ वापरली नाही, मुलखाची पद्धतच ती होती, पण झालं बरं.

आणि १९७०चं पुस्तक का भुगा होतं, तेही याच्या उलट वाचलं की कळतं. १८०७ साली जर्मनीतल्या इलिग नावाच्या माणसाने सरसाऐवजी राळ आणि तुरटी वापरायची पद्धत काढली. १८४४ च्या सुमारास केलर नावाच्या दुसऱ्या जर्मनाने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची युक्ती काढली. दोन्हीमुळे कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रं निघाली, आपल्यासारख्यांच्या आज्या शाळेत गेल्या, हा उपकार मोठा. पण तुरटीचं आम्ल तंतू आतून तोडतं आणि लाकडातला लिग्निन उजेडाने पिवळा पडतो. असं पुस्तक रद्दीत दिलं तरी त्याचा तंतू पुनर्जन्माआधीच अर्धमेला असतो. हेही "कितीही वेळा" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

गिरणीचा कागद आला तसे हातकागदवाले बुडाले. पुण्याजवळ मुंढव्याला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच गिरणी उभी राहिली. स्वस्ताईशी झुंजताना देशभरच्या कारागिरांनी दोर-चिंध्या कुटायचे कष्ट सोडून कचेऱ्यांची रद्दी भिजवायला सुरुवात केली. काम सोपं झालं आणि कागद कमकुवत झाला. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर वर्ध्याला हा धंदा पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला. त्यात के. बी. जोशी होते, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, ती आजही आहे. तिथे सुती कापडाच्या कातरणाचा लगदा होतो. शिंप्याकडची सुती चिंधी म्हणजे पुन्हा तोच हिशोब. टाकाऊ खरी, पण कागदाच्या जन्माला पहिल्यांदाच येणारी.

जुन्या घरांत कागद रद्दीत जायच्या आधी किती वापरला जाई ते आठवा. एका बाजूला लिहिलेला पाठकोरा कागद कोणी टाकत नसे. हिशोब, धोब्याची यादी, पोरांची गणितं सगळी पाठकोऱ्यावर. आणि त्यानंतर बायकांचा कारखाना! कागद भिजत घालायचा, मेथीची पूड घालून पाट्यावर वाटायचा, तो लगदा पातेल्यावर थापून वाळवायचा की झाली टोपली. सुपाच्या, टोपलीच्या फटी त्याच लगद्याने लिंपायच्या. मेथी का, तर तिचा बुळबुळीत रस कमजोर तंतूंना धरून ठेवतो. गिरणीवाले आज रद्दीच्या लगद्यात स्टार्च घालतात ते याच कारणासाठी. तंतूची पकड सुटली की बाहेरून काहीतरी चिकट द्यावं लागतं, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

आता या लेखाचं खरं कारण. कागद मरतो, तर मग जिनवाणी टिकली कशी?

आपल्याला शिकवलेलं आठवा. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली मुनींना श्रुत दिलं, त्यांनी षट्खंडागम लिहिलं, ते पुरं झालं तो दिवस श्रुतपंचमी. त्यावरची धवला टीका आणि जयधवला शेकडो वर्षं एकट्या मूडबिद्रीला, जुन्या कानडी लिपीत ताडपत्रांवर होती. यात्रेकरूंना दुरून दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. ताडपत्रंही झिजत होती, किडत होती. मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी मनावर घेतलं आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं. नक्कल करणाऱ्यांत एक होते मिरजेचे गजपती उपाध्याय. आपल्या मिरजेचे!

मूडबिद्रीकरांची अट होती, प्रत बाहेर जाता कामा नये. गजपतींनी नेमून दिलेली नक्कल तर केलीच, पण गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. त्यात मोठा वाटा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. त्या स्वतः विदुषी होत्या आणि हे ग्रंथ लोकांच्या वाचनात यावेत अशी त्यांचीच फार इच्छा होती. षट्खंडागमाचे संपादक डॉ. हिरालाल जैन यांनी प्रस्तावनेत ही हकिकत दिली आहे. ती प्रत पुढे सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांकडे गेली, तिथे तिची देवनागरी नक्कल झाली, नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःपाशी एक प्रत ठेवली, आणि तीवरून ठिकठिकाणी प्रती गेल्या. अमरावतीहून १९३९ साली षट्खंडागमाचा पहिला छापील खंड निघाला तो अशा नकलेच्या नकलेच्या नकलेवरून. पुढे महायुद्धाची कागदटंचाई, कागदावर सरकारी नियंत्रण, तरी खंड निघत राहिले. सोळा खंड व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली. आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले, त्यांचाही या कामात हात होता.

गुपचूप प्रत करणं बरोबर की चूक? मंडळात यावर वाद होऊ शकतो. अचौर्य व्रत आपण घेतो आणि दिलेला शब्द मोडणं लहान गोष्ट नाही. माझं मत मी लपवत नाही. मला लक्ष्मीबाईंबद्दल आदर वाटतो. आपलं नाव कुठे येईल अशी आशा नाही, परवानगी नाही, आणि ज्या शास्त्राच्या वाचनापासून बाईलाच काय, बहुतेक पुरुषांनाही लांब ठेवलेलं, ते लोकांना मिळावं म्हणून रात्री जागवायच्या.

या नकलांतही तंतूसारखंच झालं. प्रत्येक नकलेत काही अक्षरं चुकली, काही ओळी गळल्या. हिरालालजींना संदर्भ लावत, प्रती ताडून पाहत पाठ बसवावे लागले, आणि पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी जुळवून कितीतरी जागा दुरुस्त झाल्या. इथे मात्र ग्रंथ आणि तंतू यांत फरक आहे. गळलेली ओळ मूळ पाहून भरता येते, तुटलेला तंतू परत लांब होत नाही.

छपाईलाही आपल्यात विरोध झाला होता, हे नव्या मुलींना माहीत नसेल. छापील शास्त्र हातात धरणार नाही असे नियम लोकांनी घेतले होते. आज हसू येतं, पण त्यांच्या एका मुद्द्यात तथ्य होतं. त्या काळी छापखान्यातले शाईचे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतत, आणि सरस म्हणजे जनावराचं कातडं. हिराचंद नेमचंदांसारख्या सुधारकांनी तरीही छपाईचा आग्रह धरला आणि "जैन बोधक" चालवलं. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिचं काम सांगलीतून चालतं, "प्रगती आणि जिनविजय" आपल्यापैकी कितीजणींच्या घरी येतं. छपाई नसती तर तुमच्या-माझ्या हातात शास्त्र कुठून आलं असतं?

आणि मग फलटण. ताडपत्रं किडतात, कागद भुगा होतो, हे पाहून चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना फार वाईट वाटलं आणि त्यांच्या प्रेरणेने १९४० च्या दशकात षट्खंडागमादी सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्याचं काम सुरू झालं. त्यासाठी जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था झाली. सातारा जिल्ह्यातलं फलटण या कामाचं मोठं ठिकाण, तिथे ही ताम्रपत्रं जपून ठेवलेली आहेत. तिकडे गेलात तर दर्शन घ्या. तांब्याला तंतू नसतो. हंडा मोडीत घातला, वितळवला, पुन्हा हंडा केला तरी तांबं तेवढंच तांबं राहतं, शंभर वेळा करा. "कितीही वेळा" हा शब्द तांब्याला शोभतो, कागदाला नाही.

एक गंमत जाता जाता. तांब्याच्या पत्र्याशी आपल्या भागाचं नातं त्याआधीचं आहे. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. पत्रा तांब्याचा, तरी ठसा उमटायला कागदच लागला.

आता २०१९ च्या महापुराबद्दल. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, कितीतरी घरांतली नि पेढ्यांवरची कपाटं बुडाली. आमच्या ओळखीच्या एका घरात पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा जे दिसलं त्यावरून कागदाची जात कळली. चकचकीत आर्ट पेपरवरचे पंचकल्याणकाचे स्मृतिग्रंथ विटेसारखे चिकटून बसले होते, कारण त्यावरचा चिनीमातीचा लेप ओला होऊन पानं एकमेकांना डकली. ती सुटलीच नाहीत. साध्या कागदाची पुस्तकं फुगली, पण ओली असतानाच पानं सोडवून पंख्याखाली दोरीवर टाकली ती वाचली, सुरकुतली एवढंच. जुन्या लाल बासनातली हातकागदाची वही सगळ्यात शहाणी निघाली. वाळली आणि पुन्हा वही झाली. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकू नका. भराभर वाळलं की तंतू आखडतो आणि पान पापडासारखं होतं. सावलीत, वाऱ्यावर.

तर फाटक्या पुस्तकांचं काय करायचं? मी माझ्यापुरतं ठरवलंय ते सांगते, तुम्ही महाराज-माताजींना विचारून आपापलं ठरवा.

पहिलं, शक्य तेवढं दुरुस्त करायचं. गव्हाच्या मैद्याची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू किंवा हातकागदाची पट्टी, एवढ्यावर फाटलेलं पान छान बसतं. सेलोटेप अजिबात नको, दहा वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. प्लास्टिकच्या पिशवीत शास्त्र ठेवू नये, आत दमट होऊन बुरशी येते. सुती वेष्टनच हवं, ज्याला दफ्तरात रुमाल म्हणत. वेष्टनात वेखंडाचा तुकडा किंवा कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवली की कसर लागत नाही आणि औषध फवारून जीव मारायची वेळ येत नाही.

नदीत विसर्जन मला पटत नाही. कागदात तुरटी, पुठ्ठ्यात डिंक, पाठीवर तारा, वर प्लास्टिकचा लेप. जलकायिक जीवांचा विचार आपण पाणी गाळताना करतो आणि कृष्णेत हे सगळं सोडताना करत नाही?

आणि नुसती रद्दीवाल्याला देणं तर त्याहून अवघड, कारण त्या पानात उद्या कोण काय बांधून देईल सांगता येत नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्न सुरक्षा प्राधिकरण वारंवार बजावतं, तरी गाड्यावर चालूच आहे. त्यापेक्षा तीर्थंकरांची चित्रं आणि मंत्रांची पानं वेगळी काढून, बाकीचा कागद घरीच भिजवून लगदा करावा. लगद्यात गेलं की अक्षर उरत नाही, अविनयाचा प्रश्नही राहत नाही. तो लगदा हातकागद करणाऱ्याला द्या किंवा मेथी घालून टोपली करा. जुना ताव असेल तर थोड्या सुती चिंध्या कुटून मिसळा, म्हणजे घाणीत नवी मुद्दल येते. प्लास्टिक लावलेल्या निमंत्रणपत्रिका मात्र भिजतच नाहीत, त्या घरात येऊ न देणं हाच उपाय. पुढच्या महिन्यात मंदिराच्या वर्धापनदिनाची पत्रिका छापायची आहे, तेव्हा समितीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पत्रिकेवर भगवंतांचं चित्र नको आणि वर चकाकी नको. निम्म्या लोकांना मोबाईलवर पाठवली तरी चालेल.